माशाचा पैसा

जालिका दार्बोने हमालाचा कान चावून तोडला, ही गोष्ट तांजी गावच्या किनाऱ्यावर अजून सांगतात आणि सांगणारा प्रत्येक जण तिला पदरचं तिखटमीठ लावतो. कुणी म्हणतं तुकडा थुंकला, कुणी म्हणतं गिळला. खरी हकीगत एवढीच की होडी अजून लाटांवर डुलत होती, जालिकाचं घमेलं तिच्यात सगळ्यांच्या आधी पडलं होतं, आणि त्या हमालाने ते उचलून पाण्यात भिरकावलं. आमच्याकडे ज्या बाईचं घमेलं होडीत आधी पडतं, ते आधी भरतं. हा नियम कुणी कागदावर लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडणाऱ्याची कुणी गय करत नाही.

"ट्रक खोळंबलाय, म्हातारे. हो बाजूला," तो म्हणाला. दोन्ही कान शाबूत असताना त्याने काढलेले हे शेवटचे शब्द. जालिका छातीभर पाण्यात होती. एका हाताने होडीची कड धरलेली, दुसऱ्याने त्याचा सदरा. मग उरतं काय, दात. पाणी लाल झालं, बायकांनी तिला मागे ओढलं, हमालांनी वल्ही उगारली आणि त्यातल्या एकाने जालिकाचं नाक कायमचं डाव्या गालाकडे वळवलं. तरी घमेलं भरल्याशिवाय ती बाहेर आली नाही. "नाक श्वासाला लागतं, आणि तो येतोय," असं म्हणत तिने फडक्याने रक्त दाबलं आणि बाजाराची वाट धरली.

तिला भांडकुदळ म्हणणाऱ्यांनी जरा मागचं आठवावं. बोंगा मासा म्हणजे एके काळी गरिबाचं खाणं. काटेच काटे, पैसेवाला त्याला नाक मुरडायचा. होड्या इतक्या भरून यायच्या की दिवस कलताना उरलेला मासा कुत्री हुंगून सोडायची. मग कुठल्याशा कारखान्याचे ट्रक आले. तिथे मासा दळतात, पीठ परदेशी पाठवतात आणि तिकडे ते माशांनाच खाऊ घालतात म्हणे. आमचा मासा खाऊन तिकडचा मासा पोसतो आणि आमचं पोर काटे चघळतं. हसावं की रडावं ते ज्याचं त्याने ठरवावं. ट्रकवाले चढा भाव देऊन अख्खी होडी उचलू लागले आणि उरल्यासुरल्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या. ज्या बायका एकमेकींची बाळंतपणं करत होत्या, त्याच गुडघाभर पाण्यात एकमेकींच्या पोटात कोपर घालू लागल्या.

बाजारात जालिकाच्या घमेल्यापुढे सगळ्या गावाचं पोट उघडं पडायचं. पूर्वी बाया डझनावारी मासे न्यायच्या. मग मोजके नेऊ लागल्या. मग एकच, तोही मधून कापून. मांजरापुढे टाकायच्या डोक्यांनाही गिऱ्हाईक आलं. बाटलीने तेल घेणाऱ्या बायका फुला जमातीच्या दुकानदाराकडून पिशवीच्या कोपऱ्यात गाठ मारलेलं अंगठ्याएवढं तेल नेऊ लागल्या, टोमॅटोचा लगदा चमच्याने, कांदा अर्धा. माशाला हात लावणं ज्यांना परवडेना त्या बर्फात गोठून परदेशातून येणारी कोंबडीची तंगडी घ्यायच्या, चवीला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. मसाल्याची वडी मात्र प्रत्येकीच्या मुठीत, कारण भांड्यात काहीच नसलं तरी ती वडी काहीतरी असल्याचा वास आणते. आणि एवढं असून कुणाचं बारसं निघालं की साऱ्या जणी एकाच छापाचं नवंकोरं कापड शिवून हजर. पोट कुणाला दिसत नाही, कापड दिसतं.

किनाऱ्यावरची ही वाघीण घराच्या कुंपणाच्या आत आली की गुडघे मोडून नवऱ्याला सलाम करायची. नवऱ्याचं नाव डेंबो. सेरेकुंडा शहराच्या फेऱ्या मारणारी एक व्हॅन त्याच्या मालकीची होती. व्हॅन जितकी खिळखिळी होत गेली तितका डेंबोचा आवाज मोठा होत गेला. त्याला बायका दोन, थोरली जालिका आणि धाकटी तेनेंग. दोन दिवस चूल हिची, पुढचे दोन दिवस तिची. तांदूळ पोत्यातून मिळायचा, आणि वरच्या कालवणासाठी, जिचे दिवस असतील तिला, डेंबो सकाळी माशाचा पैसा द्यायचा, घडी घातलेला. बाईने तो दोन्ही हातांनी घ्यायचा, "अल्ला बरकत देवो" म्हणायचं, आणि नवरा कुंपणाबाहेर पडेपर्यंत घडी उलगडायची नाही. त्याच्यादेखत उलगडली तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं.

भाव दुप्पट झाले, तिप्पट झाले, घडी तेवढीच राहिली. यात डेंबो जगावेगळा नव्हता. त्या गल्लीत कुणाचीच घडी जाड झाली नव्हती. कमी पडेल ते बाईने आपल्या कमाईतून घालायचं आणि मुकाट घालायचं. पुरुषाने म्हणायचं, "माझ्या घरात मासा असतो," आणि बाईने म्हणायचं, "असतो तर." सगळ्यांना सगळं ठाऊक, बोलणारं कुणी नाही. जालिकाच्या आईने लग्नाच्या दिवशी तिला बजावलं होतं, "नवऱ्याने मारलं तर मला सांग. आणखी एक आणली तर सांग. पण त्याच्या पैशात भांडं भरत नाही, हे मात्र कबरीतसुद्धा सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी."

जालिकाला यात काही कमीपणा वाटत नव्हता. उलट तिची छाती फुगायची. तिच्या दिवसांत भाताच्या मोठ्या भांड्याच्या मधोमध अख्खे मासे, त्यांच्याभोवती भोपळा आणि वांगं. भांड्याला टेकून बसलेला डेंबो आपल्या बोटांनी माशाचे तुकडे करायचा आणि पाहुण्यांपुढे सरकवायचा. "घ्या, घ्या. डेंबोकडे कशाची ददात नाही." दाराआड उभी राहून जालिका ते बघायची. तो मासा तिने डोक्यात वल्ही खाऊन आणलेला असायचा, आणि तरी तिला नवऱ्याचं कौतुक वाटायचं. बायकांच्या या अकलेला काय म्हणावं, मला अजून शब्द सापडलेला नाही.

तेनेंग आली होती आत नदीकाठच्या भुईमुगाच्या गावातून. समुद्राची लाट बघितली की ती मागे पळायची. बाजारात बसायची तिला सवय नाही, वर कडेवर यांकुबा, अजून अंगावर पिणारा. घडी अपुरी पडू लागली तेव्हा तिने आधी कानातलं विकलं आणि भांडं भरलं. मग लग्नातली कापडं एकेक करून विकली. कापडं संपली तेव्हा कापडांची पेटी विकली. पेटीनंतर विकायला काही उरलं नाही, आणि तिच्या दोन दिवसांत भाताच्या मधोमध मासा होता तिथे नुसतं माशाचं डोकं दिसू लागलं.

आंब्याखालच्या बाकावर पुरुषांची बैठक असते. तिथे डेंबोने हिशेब मांडला. "पैसा दोघींना सारखाच देतो. थोरली त्यात मासा आणते, धाकटी डोकं. मग उरलेला जातो कुठे?"

"माहेरी," बाकाने एका सुरात उत्तर दिलं. या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या घरी बायको आपल्या पदरचं घालत होती. पण दुसऱ्याच्या चुलीत डोकावायला कुणाचं काय जातं.

त्या दिवसापासून तेनेंगला मार सुरू झाला. आधी थपडा, मग पट्टा, मग पायात असेल ते. ती बोलू शकत नव्हती, कारण बोलायचं म्हणजे घडीचं बोलायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस जालिकाला ते गोडच वाटलं. सवत होती ती, बहीण नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा डेंबोने तिच्यासाठी नवी गादी आणली होती आणि जालिकाची जुनी गादी व्हॅनमध्ये टाकली होती.

एकदा नळावर तेनेंगने तिला गाठलं. डोळा सुजून मिटलेला.

"आक्का, एक विचारू?"

"नको विचारूस."

"तुझ्या भांड्यात मासा कुठून येतो ते मला माहीत आहे. एकदा त्यांच्या कानावर घाल. एकदाच."

"हे नाक बघितलंस? हे मोडलं तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. आणि तू दोन थपडांत गाव गोळा करतेस."

"तुझं एकदा मोडलं, आक्का. माझं रोज चाललंय."

"मग कमव. शेंगदाणे विक, मीठ विक. माझ्यापुढे हात पसरू नकोस."

"आणि याला कुठे ठेवू? तुझ्या घमेल्यात?" तेनेंगने यांकुबाला पुढे केलं. जालिकाला हसू आलं, ते तिने दाबलं आणि बादली उचलून निघून गेली.

मग तो दिवस उजाडला. चूल तेनेंगची होती आणि डेंबोने व्हॅनच्या दुरुस्तीचा कारागीर जेवायला आणला होता. झाकण निघालं, मधोमध डोकं. कारागीर भला माणूस, म्हणाला, "डोक्यालाच खरी चव असते." तो दयेने बोलला, पण डेंबोला ते वाक्य गालावर चपराक बसावी तसं लागलं. तो उठला, उखळातलं मुसळ त्याने उपसलं आणि तेनेंग वळायच्या आत तिच्या जबड्यावर घातलं.

सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तेनेंग उताणी पडली, दोन दात भातात पडले. दुसरा तडाखा खांद्यावर बसला, तिसरा ती कुशीवर वळली म्हणून पाठीवर. कारागीर मागच्या मागे पळाला. यांकुबा आईच्या तोंडातलं रक्त हाताने पुसत होता आणि तेच हात स्वतःच्या तोंडाला लावून किंचाळत होता. जालिका सावलीत मासे खवलत बसली होती. तिचा विळा थांबला, पण ती उठली नाही. किनाऱ्यावर कुणा परक्याने कुणा परकीला असं मारलं असतं तर तिने त्याचं नरडं धरलं असतं. घरात तिने कधी बोट उचललं नव्हतं.

तेनेंगचा जबडा दवाखान्यात बांधून आणला. ती भिंतीला टेकून बसून राहायची, पेज तेवढी चमच्याने घ्यायची. दुसऱ्या दिवशी चूल जालिकाकडे आली. तिला वाटलं, आज भांडं असं भरावं की घरातला राग निवळेल. बायकांना असंच वाटत असतं, राग पोटातून येतो म्हणून. तिने होड्यांवर दोन बायकांना लोळवून सगळ्यात मोठे मासे आणले आणि शेंगदाण्याच्या रश्शात शिजवले.

डेंबोने झाकण काढलं. वाफ निघाली. त्याने एक अख्खा मासा हाताने उचलला, भिंतीपाशी गेला आणि तेनेंगपुढे उकिडवा बसला.

"हे बघ. हाच पैसा. एक दलासी जास्त नाही की कमी नाही. दिसतंय?"

तेनेंगने मान फिरवली. त्याने तिच्या जबड्याचं फडकं खाली ओढलं, बोटं आत घातली आणि तो मासा काट्यांसकट तिच्या तोंडात कोंबला. "खा. चोरून खातेस ना, मग उजेडात खा." मोडलेलं हाड सरकलं तसा तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. मग आवाजच बंद झाला. तिचे डोळे वर गेले, टाचा मातीत घासू लागल्या.

जालिकाने डेंबोला ढकललं की तो आपणच बाजूला झाला, हे पुढे कुणाला आठवलं नाही. तिने तेनेंगला पालथं घातलं, पाठीत गुद्दे हाणले, मग उताणं करून तिच्या घशात दोन बोटं घातली. तेनेंगने उरलेल्या दातांनी ती बोटं करकचून चावली. जालिकाने हाडापर्यंत दात रुतू दिले आणि काटा उपसूनच हात बाहेर काढला. बोटभर लांब काटा, त्याला रक्त आणि शेंगदाण्याचा रस्सा.

तिने तो फडक्याला पुसला आणि बघितला. मासा तिचा होता. तिने आणलेला, तिने शिजवलेला, तिच्या कमाईतला. तिने नवऱ्याची मूठ झाकली होती आणि त्या झाकल्या मुठीचाच गुद्दा दुसरीच्या तोंडावर बसत होता. जालिकाच्या भांड्यात मासा नसता तर तेनेंग चोर ठरलीच नसती. एवढी साधी गोष्ट कळायला तिला सवतीच्या घशात हात घालावा लागला, आणि तिला स्वतःची किळस आली.

डेंबोचा निर्णय झाला होता. "शुक्रवारी नमाजानंतर आर्फांगकाका येतील," त्याने अंगणात उभं राहून सांगितलं. आर्फांगकाका म्हणजे त्याच्या घराण्यातला सगळ्यात वडील माणूस, त्याचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. "चार माणसांसमोर सोक्षमोक्ष होईल. चोर बाई मला घरात नको. पोर इथेच राहील."

भिंतीशी बसलेल्या तेनेंगने यांकुबाला इतकं आवळलं की तो रडू लागला. आमच्याकडे घटस्फोट झाला की मूल बापाचं. फार तर अंगावरचं दूध सुटेपर्यंत आईकडे. त्यानंतर आईने कुंपणाबाहेरून बघावं, तेही बापाची मर्जी असेल तर.

"शुक्रवारी चूल तुझी ना?" डेंबो जालिकाला म्हणाला. "भांडं असं भर, की माझ्या पैशात काय काय येतं ते काकांना कळू दे."

"भरते," जालिका म्हणाली.

शुक्रवारी तिने दोन्ही हातांनी घडी घेतली, बरकत मागितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा होड्यांवर गेली नाही. तिची मुलगी नानो, दुधाचे दात नुकते पडून संपलेली, तिला विचारत राहिली, "आई, घमेलं का नाही घेतलंस?" जालिकाने तिची वेणी उगाचच पुन्हा घातली. तलाक झाला तर यांकुबासारखीच नानोही बापाची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वेणी तिने शेवटपर्यंत घट्ट ओढून घातली.

बाजारात ती फक्त ती घडी घेऊन गेली. अर्धा कांदा, अंगठ्याएवढं तेल, एक वडी. उरलं त्यात एक डोकं.

"अगं ए जालिका, मासे विकणारी तू, आणि डोकं विकत घेतेस?" शेजारची कोळीण खिदळली. "आज काय उपास?"

"आज माझा नवरा जेवू घालणार आहे," जालिका म्हणाली. हसणं जागच्या जागी थांबलं. दोघी-तिघींनी तिच्या हातातल्या पुडक्यांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली, कारण तिच्या हातात त्यांना आपापलं घर दिसलं.

नमाज झाला. आर्फांगकाका आणि घराण्यातले आणखी चार जण चटईवर बसले. हात धुऊन झाले. जालिकाने भांडं मधोमध ठेवलं, झाकण काढलं आणि ते हातातच धरून उभी राहिली. पांढरा भात, मधोमध तेलाचा डाग, त्या डागावर एक डोकं वर बघत होतं.

"हे काय आहे?" डेंबो म्हणाला.

"जेवण."

"मासा कुठंय?"

"तुम्हीच सांगितलंत, तुमच्या पैशात काय येतं ते काकांना कळू दे. एवढं येतं."

"आणि त्या दिवशीचा मासा?"

"तो माझा होता. त्याच्या आधीचा माझा. माझं नाक मोडलं त्या दिवशी तुम्ही पाहुण्यांना वाढलात, तोही माझा. तेनेंगने चोरी नाही केली. घातलं, संपेपर्यंत घातलं. घालायला काही उरलं नाही एवढाच तिचा गुन्हा."

डेंबोने तिच्या हातातलं झाकण हिसकावलं आणि त्याची कड तिच्या कपाळावर हाणली. भुवईची कातडी फाटून डोळ्यावर लोंबली. चटईवरचं कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा झाकण वर गेलं तेव्हा तिने त्याचं मनगट हवेतच धरलं. लाटेत होडी धरून ठेवणारा तो हात. डेंबोची बोटं उघडली, झाकण खणकन पडलं, आणि सगळ्यांदेखत त्याचे गुडघे हळूहळू वाकू लागले. आणखी एक पीळ दिला असता तर हाड गेलं असतं. तिच्या डोक्यात ते आलंही. मग तिने दारात उभ्या असलेल्या नानोकडे बघितलं आणि मनगट सोडलं. सुटल्यासरशी त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला, मग आणखी एक. ती उभीच राहिली, हात खाली सोडून.

"पुरे," आर्फांगकाका म्हणाले.

म्हाताऱ्याने भांड्यात हात घातला, पांढऱ्या भाताचा घास वळला आणि चावून चावून गिळला. "मीठ बरोबर आहे," तो म्हणाला. तेव्हा बाकीच्यांनाही हात घालावा लागला. पाच पुरुष खाली मान घालून तो कोरडा भात खात होते आणि डोक्याला कुणी शिवत नव्हतं. आपल्या घरी आज मधोमध काय असेल आणि ते कुणाचं असेल, हा विचार प्रत्येकाच्या घशात काट्यासारखा अडकला होता.

"चोरी झालेली नाही," हात धुऊन आर्फांगकाकांनी निकाल दिला. "धाकटी राहील. पोर तिच्याजवळ राहील." मग त्यांनी रक्ताने माखलेल्या जालिकाकडे बघितलं, आणि त्या नजरेत दया नव्हती. "पण तू छप्पर काढलंस, बाई. एकट्या याच्याच घराचं काढलं असतंस तर मी मध्ये पडलो असतो."

डेंबोने तिथेच तीनदा तलाक म्हटला. काका चपला शोधत होते.

जालिकाने घमेलं उचललं. दुसरं उचलण्यासारखं त्या घरात तिचं काही नव्हतं. नानो धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली. डेंबोने पोरीला वेणीला धरून मागे खेचलं, इतक्या जोरात की ती जमिनीवरून फरफटली. तेवढ्यात भिंतीपासून तेनेंग उठली. जबडा बांधलेला, पाठीवर यांकुबा. तिने डेंबोच्या मुठीतून वेणी सोडवली, एकेक बोट उलटं वाकवून. त्याने हात उगारला. पाहुणे अजून कुंपणाच्या आत होते, तो हात त्याला खाली घ्यावा लागला. तेनेंगने नानोला आपल्या मागे उभं केलं. तिला बोलता येत नव्हतं. जालिकाने घमेलं डोक्यावर घेतलं आणि कुंपण ओलांडलं.

जालिका तेव्हापासून किनाऱ्यावर मासे धुरावर सुकवतात तिथल्या एका खोपटात राहते. भुवई वेडीवाकडी जुळली आहे. चुलीचे सगळेच दिवस आता तेनेंगचे. डेंबो कामावर गेला की तेनेंग बादलीत ओली कापडं घेऊन किनाऱ्याच्या कडेपर्यंत येते, पाण्यात नाही शिरत. जाताना कापडांखाली मासा असतो. पहिल्यांदा तिने पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, तेव्हा जालिका खेकसली, "चल ऊठ. तुझ्यासाठी नाही देत. माझी पोर त्या भांड्यात जेवते."

"कळतंय मला, आक्का," तेनेंग म्हणाली. तिचे शब्द आता एका बाजूने निसटतात.

त्या मोसमाच्या शेवटी, होड्यांची वाट बघत बायका वाळूत बसल्या होत्या, तेव्हा बाजारातली ती शेजारची कोळीण जालिकाजवळ सरकली.

"तुझा जुना दादला बाकावर काय सांगत सुटलाय, ऐकलंस?"

"काय?"

"म्हणतो, खरी चोर थोरलीच होती. तिला हाकललं, आणि आता बघा, त्याच पैशात रोज मासा येतो."

जालिकाने घमेल्यातली वाळू झटकली. "बाकावरचे काय म्हणाले?"

"काय म्हणणार. माना डोलावल्या. आर्फांगकाका सगळ्यात आधी."

"आणि नानो? अंग धरलंय का तिने?"

"धरलंय की. गाल वर आलेत पोरीचे."

"मग म्हणू दे त्याला," जालिका म्हणाली.

होडी दिसली तशी ती कमरेचं फडकं आवळून उठली आणि लाटेत शिरली. हातातलं घमेलं अचूक फेकलं. मग तिच्या वाटेत जो पहिला हमाल आला, पोरसवदा, नवीन, ज्याने तिचं काही केलं नव्हतं, त्याला तिने इतकं मारलं की चौघींना तिला ओढून काढावं लागलं.